दोन रिमा जोडून जाड चाक: घरी बांधण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

मे महिन्यात भाचा घरी आला तो सायकलच्या दोन गंजक्या रिमा खांद्याला अडकवूनच. भंगारातून वजनावर घेतलेल्या. दोन्हींवर ‘२६’ लिहिलेलं. चपला काढायच्या आधीच त्याने विचारलं, “मामा, या दोन रिमा शेजारी शेजारी ठेवून वेल्ड केल्या तर जाड टायर बसेल ना?”

नाशिकला सायकलचं वेड नवं नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून अमेरिका आरपार ओलांडणारी शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर घराघरांत सायकलची चर्चा होते. आता रविवारी सकाळी गंगापूर रोडला उभं राहिलं की मोटारसायकलपेक्षाही जाड टायरची एखादी सायकल दिसतेच. मुलं थांबून बघतात, मोठी माणसं विचारतात: एवढा जाड टायर कशाला? जड नाही का जात? आणि भाच्यासारखे काही जण एक पाऊल पुढे जातात. त्यांना ती घरीच बनवायची असते.

भाच्याचा प्रश्न अजिबात वेडा नव्हता. या सायकलींचा जन्म असाच झाला. अलास्कात १९८७ मध्ये बर्फावरची लांब पल्ल्याची सायकल शर्यत सुरू झाली आणि नेहमीच्या टायरची चाकं भुसभुशीत बर्फात रुतू लागली. तिथल्या लोकांनी दोन-दोन, कधी तीन-तीन रिमा एकमेकींना जोडल्या, टायर कापून शिवले आणि वाट काढली. पुढे अलास्कातल्याच सायमन राकोवर यांनी ४४ मिलीमीटर रुंदीची ‘स्नोकॅट’ रिम आणली. २००५ मध्ये सर्ली कंपनीची ‘पग्स्ली’ दुकानात आली, ६५ मिमीची रिम आणि ३.७ इंची टायर घेऊन. तिथून जाड टायरची सायकल कोणालाही विकत घेता येऊ लागली.

म्हणजे वेल्डिंग होतं, हे सिद्ध झालेलं आहे. पण भाच्याच्या रिमा मी परत पाठवल्या. का, ते सांगण्यासाठी जरा मुळापासून सुरुवात करावी लागेल.

टायर जाड असून फायदा काय?

ज्यांनी पावसाळ्यात निफाड-दिंडोरीकडची काळी जमीन पाहिली आहे, त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. जुनी बैलगाडी, लाकडी चाकाची आणि वर लोखंडी धाव बसवलेली, चिखलात तुंब्यापर्यंत रुतायची. तीच गाडी रबरी टायरची झाली आणि तेवढंच ओझं घेऊन त्याच रस्त्याने निघू लागली. ओझं बदललं नाही, बैलही तेच. फक्त ते ओझं जमिनीच्या जास्त भागावर वाटलं गेलं.

सायकलचं गणितही तेच आहे. टायर जमिनीला जेवढ्या दाबाने टेकतो, तो दाब साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो धरू, त्यातले मागच्या चाकावर ५५ किलो. नेहमीच्या टायरमध्ये ४० पीएसआय (दर चौरस इंचाला ४० पौंड दाब) हवा असेल तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.८ किलो भार येतो. म्हणजे जमिनीला टेकणारा भाग सुमारे २० चौ. सेंमी, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. तोच भार १० पीएसआयवर पेलायचा तर जवळजवळ ७८ चौ. सेंमी भाग टेकावा लागतो, म्हणजे बोटं सोडून अख्खा तळहात. टायरची स्वतःची ताठरता धरली तर आकडे थोडे हलतील, पण चौपटीचा हिशेब हलत नाही.

मग साधाच टायर १० पीएसआयवर का चालवू नये? कारण तो तेवढा चपटा झाला की रिम थेट दगडावर आपटते. चपटं व्हायला आधी अंगात उंची आणि जाडी हवी. म्हणून चार इंची टायर. एवढ्या जाड टायरमुळे ‘२६’ इंची रिमवरच्या चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ २९ इंच होतो. सायकली इतक्या दांडग्या दिसतात त्या त्यामुळेच.

रिम रुंद का लागते?

डोक्यावर घागर घ्यायची तर खाली चुंबळ लागते. चुंबळ लहान असेल तर घागर डुलते, आणि घागर अर्धी भरलेली असेल तर जास्तच डुलते. चार इंची टायर साध्या २५-३० मिमी रिमवर चढवला तर तो बल्बसारखा फुगतो. हवा कमी केली की वळणावर रिम एकीकडे आणि टायर दुसरीकडे असा प्रकार होतो. अगदी कमी हवेत टायरची तार, म्हणजे त्याच्या काठात असलेली कडी, रिममधून निसटूही शकते.

चार इंची टायरला ६५ ते ८० मिमीची रिम आणि पावणेपाच इंचीला ८० ते १००, हे आज रुळलेलं प्रमाण आहे. नाशिकच्या वाटांसाठी ६५ ते ८० पुरे. शंभर मिमी बर्फाळ मुलखाची गरज आहे, ती आपल्याला वजन वाढवण्यापलीकडे काही देणार नाही.

‘२६’ म्हणजे नेमके किती?

भाच्याच्या रिमा इथेच फसल्या. सायकलच्या जगात ‘२६ इंच’ नावाची एकापेक्षा जास्त मापं आहेत, आणि ती एकमेकांना बसत नाहीत. टायरची कडी रिमवर जिथे टेकते, तिथला व्यास हे खरं माप. डोंगरी सायकलची ‘२६ × २.१२५’ अशी दशांशात लिहिलेली रिम ५५९ मिमीची असते आणि जाड टायर तिच्यासाठीच बनतात. आपल्या जुन्या साध्या सायकलींवर ‘२६ × १ ३/८’ असं अपूर्णांकात लिहिलेलं असे, तिचं माप ५९०. ‘२६ × १ १/२’ असेल तर ५८४. मोठ्या दूधवाल्या सायकलची २८ इंची रिम ६३५ मिमीची.

भाच्याने आणलेल्या दोन्ही रिमा अपूर्णांकवाल्या निघाल्या, म्हणजे ५९०. टायर ५५९ चा. एकतीस मिमीचा फरक कितीही जोर लावला तरी भरून निघत नाही. म्हणून भंगारात जाताना मोजपट्टी न्यावी, आणि रिमवर किंवा जुन्या टायरवर ५५९ हा आकडा दिसतो का ते पाहावं. न दिसला तर दशांश की अपूर्णांक एवढं तरी बघावं.

चाक उभं कशावर असतं?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि घरी चाक बांधणाऱ्याने दुसरं काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं.

बैलगाडीच्या चाकात आरे हे खांबासारखे काम करतात. भार तुंब्यावर येतो आणि खालच्या आऱ्यावरून जमिनीत उतरतो. सायकलच्या स्पोकला हे जमत नाही. दोन मिमीची तार उभी करून वरून दाबली तर ती लगेच वाकते. दोरीप्रमाणे तारेने फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही.

मग एवढ्या बारीक तारांवर ९० किलो तोलतो कसा? घरातली विणलेली बाज आठवा. सुंभ सैल असेल तर माणूस बसताच झोळी होते. तोच सुंभ ताणून विणला की चौघं बसली तरी बाज कुरकुरत नाही. सायकलचं चाक असंच आधीपासून ताणलेलं असतं. सगळ्या स्पोक हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, चारी दिशांनी ओढून धरतात. वजन आलं की खालच्या दोन-चार स्पोकचा ताण कमी होतो, आणि बाकीच्यांची ओढ तिथल्या तिथे राहते. ताण कमी होतो, पण संपता कामा नये. सगळी गंमत या एका वाक्यात आहे.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडचे जॉर्ज केली यांनी उडत्या यंत्रासाठी हलकं चाक हवं म्हणून १८०८ मध्येच ताणलेल्या दोऱ्यांच्या चाकाचा विचार मांडला होता. स्पोक सरळ न लावता हबला स्पर्शून तिरपे लावण्याचं पेटंट जेम्स स्टार्ले यांनी १८७४ मध्ये घेतलं. आपण आज जे एकमेकींवरून जाणाऱ्या स्पोकचं चाक वापरतो, ते तेच.

आता ताण किती? चांगल्या चाकात एका स्पोकवर सुमारे १०० किलो ओढ असते, म्हणजे कांद्याच्या ५० किलोच्या दोन गोण्या एका तारेला टांगल्यासारखी. ३६ स्पोकचे मिळून ३,६०० किलो. हे सगळे स्पोक रिमला आत खेचतात आणि त्यामुळे रिमच्या धातूत जवळजवळ पावणेसहाशे किलोचा दाब भिनून राहतो, सायकलवर कोणी बसलेलं नसतानाही. रिमला कुठे कमकुवत सांधा असेल तर तो आधी या दाबाला तोंड देतो, खड्डे नंतर येतात.

स्पोक मात्र सहसा भाराने तुटत नाही. चांगल्या दोन मिमीच्या स्टीलच्या स्पोकची तुटण्याची मर्यादा ३०० किलोच्या आसपास असते. ती तुटते ती सैल-ताठ, सैल-ताठ होऊन, हबपाशी जिथे तिला बाक दिलेला असतो तिथे. तार हाताने दहादा इकडेतिकडे वाकवून तोडतो ना, तसं. म्हणून ढिलं बांधलेलं चाक ताठ बांधलेल्यापेक्षा जास्त स्पोक तोडतं. पुष्कळांना हे उलटं वाटतं आणि ते ‘रिमवर ताण नको’ म्हणून चाक ढिलं ठेवतात.

रुंद रिम आणायची कुठून?

तीन वाटा आहेत, आणि तिघींबद्दल माझं मत वेगवेगळं आहे.

पहिली, तयार ६५ किंवा ८० मिमीची ॲल्युमिनियम रिम विकत घेणं. पहिलं चाक बांधणाऱ्याने हेच करावं. बांधणीची कला शिकायला तेवढंच पुरेसं आव्हान आहे. अशा रिमला बहुधा मोठी गोल किंवा चौकोनी भोकं कापलेली असतात. ती वजन कमी करण्यासाठी, वर जाड कापडी पट्टी लावून ती झाकतात.

दुसरी वाट, भाच्याची. ५५९ च्या दोन सारख्या रिमा घ्यायच्या. प्रत्येक रिमला दोन काठ असतात, त्यातले आत येणारे दोन काठ ग्राइंडरने उडवायचे, म्हणजे मध्ये सलग तळ राहतो. मग दोन्ही अर्धी एकमेकींना भिडवून वेल्ड. ३६ भोकांच्या दोन रिमा असतील तर ७२ भोकं मिळतात. दोन्हींची भोकं समोरासमोर धरायची आणि डाव्या रिमची विषम, उजवीची सम वापरायची. ३६ ची बरोबर एकाआड एक ओळ तयार होते. नवीन भोक पाडायचं काम वाचतं. जुनी ३२-४० ची जोडी मात्र घेऊ नका. आपल्या साध्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे जास्त भार म्हणून ४० स्पोक असतात, आणि त्या दोन रिमांची भोकं कधीच जुळत नाहीत.

वेल्डिंगबद्दल मी जरा कडक आहे. स्टीलच्या रिमा असतील तरच हा नाद करा. ॲल्युमिनियमची ताकद त्याला दिलेल्या उष्णता प्रक्रियेतून येते. वेल्डच्या उष्णतेने सांध्याच्या दोन्ही बाजूंची ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, आणि बाहेरून काही दिसत नाही. स्टीलमध्ये ही भीती कमी, पण रिम पिळवटते. सातपूर-अंबडच्या ज्या फॅब्रिकेशनवाल्याने पत्र्याचं बारीक काम केलंय त्यालाच द्या, आणि सांगा: आधी सगळीकडे टाके, एक टाका इथे की पुढचा बरोबर समोर. एका बाजूने सलग वेल्ड ओढत गेला तर रिमचा पापड होतो. माझ्याच एका रिमचं तसं झालं होतं. कारागीर चांगला होता, घाई माझी होती.

तिसरी वाट म्हणजे पत्र्याची पट्टी रोलवर वाकवून रिम घडवणं. इथे वजनाचा हिशेब आधी करा. काठ धरून ११० मिमी रुंद, १.२ मिमी जाड स्टीलची पट्टी ५५९ व्यासाला गुंडाळली की एकाच रिमचं वजन सुमारे १.८ किलो होतं. दोन मिमीच्या ॲल्युमिनियमची साधारण एक किलो. शिवाय टायरची कडी अडकावी म्हणून काठाला आतल्या बाजूला जो हलका आकडा द्यावा लागतो, तो साध्या रोलवर नीट येत नाही. मला ही वाट पटत नाही.

भोकं नव्याने पाडायचीच असतील तर एक युक्ती. कागदाची पट्टी रिमभोवती गुंडाळून बरोबर घेराएवढी कापा. ३२ भोकं हवी असतील तर ती पाच वेळा अर्धी दुमडा, ३६ साठी दोनदा अर्धी आणि दोनदा तिहेरी. घड्या उलगडून पट्टी परत रिमवर चिकटवली की प्रत्येक घडी म्हणजे एक भोक. पातळ पत्र्यात निपलखाली, म्हणजे रिमच्या भोकात स्पोकला कसणाऱ्या छोट्या नटाखाली, वॉशर हवाच. नाहीतर शंभर किलोची ओढ निपलला पत्र्यातून आरपार खेचेल.

आणि एक विनवणी: जोडलेली रिम पहिल्यांदा मागच्या चाकाला लावा. मागचं चाक बसलं तर माणूस थांबतो. पुढचं बसलं तर तो तोंडावर पडतो.

हब आणि चिमटा

हे पटकन सांगतो. शंभर मिमी टायरला साध्या सायकलच्या चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांत, जागा नसते, मागेही नसते. फ्रेमच घरी बनवत असाल तर टायरच्या दोन्ही बाजूंना किमान सहा-सात मिमी मोकळे सोडा, कारण चिखल तिथेच साठतो. मागे हब रुंद लागतं, आज १७० ते १९७ मिमीची मिळतात. साधं १३५ चं हब वापरायचं असेल तर साखळी टायरला घासते. पग्स्लीने त्यावर छान तोड काढली होती: हब १३५ चंच ठेवलं आणि फ्रेमचा मागचा भाग व चिमटा १७.५ मिमीने एका बाजूला सरकवून चाक मात्र मध्यावर बांधलं. पुढेही तसंच हब, म्हणजे वाटेत अडलं तर पुढचं चाक मागे लावता येई. घरी फ्रेम बनवणाऱ्याला ही कल्पना आजही कामाची आहे.

ब्रेक डिस्कचेच घ्या. रिमला चिमटणारे ब्रेक एवढ्या रुंदीला पोचत नाहीत. आणि डिस्क ब्रेक हबला धरतो, रिमला थांबवायचं काम स्पोकचं. म्हणून स्पोक सरळ लावून चालत नाही, तिरपे हवेत. प्रत्येक स्पोक तीन स्पोक ओलांडून जाते त्याला ‘तीन क्रॉस’ म्हणतात, तेच ठेवा.

स्पोकची लांबी: दुकानदाराच्या अंदाजावर नको

साध्या सायकलची स्पोक दुकानदार न मोजता देतो, कारण मापं ठरलेली आहेत. घरी जोडलेल्या रिमला कोणाचा अनुभव लागू पडत नाही. मोजावंच लागतं.

पहिलं माप रिमचं. २०० मिमीला कापलेल्या दोन स्पोकना निपल लावा, टोक निपलच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत फिरवा. समोरासमोरच्या भोकांतून त्या आत घाला, ताणून धरा आणि दोन टोकांमधलं अंतर मोजा. ते १३८ आलं तर ४०० मिळवून ५३८. जोडलेल्या रिमवर हे तीन ठिकाणी करा, ती पूर्ण गोल असेलच असं नाही.

दुसरं, हबच्या चकतीवर स्पोकची भोकं ज्या वर्तुळात आहेत त्याचा व्यास, समजा ५८. तिसरं, हबच्या मध्यापासून ती चकती किती दूर, समजा ३४.

आता ३६ स्पोक आणि तीन क्रॉस असेल तर हिशेब सोपा होतो. रिमचं निम्मं २६९, चकतीचं निम्मं २९. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा, त्यात ३४ चा वर्ग मिळवा, आणि २६९ गुणिले २९ वजा करा. येतात ६६,५५७. वर्गमूळ काढा: २५८. त्यातून हबच्या भोकाची निम्मी रुंदी, म्हणजे १.३ वजा केली की स्पोक २५६.७ मिमी.

साध्या रिमला हे पुरतं. रुंद रिमची गोम अशी की भोकं मध्यावर नसतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना समजा १२-१२ मिमीवर आहेत. डाव्या चकतीची स्पोक डाव्याच भोकात घातली तर बाजूचं अंतर ३४ चं २२ होतं आणि स्पोक २५५.४ ची लागते. तीच पलीकडच्या, उजव्या भोकात नेली तर अंतर ४६ होतं आणि स्पोक २५८.५ ची. तीन मिमीचा फरक! एवढ्यात स्पोक एकतर निपलमध्ये पुरेशी अडकत नाही किंवा वर येऊन ट्यूबला टोचते.

नेऊ कुठे? तंबूचा दोर खुंटीला बांधताना खुंटी खांबापासून लांब ठोकली की तंबू वाऱ्याला जास्त टिकतो. स्पोक पलीकडच्या भोकात नेली की चाक बाजूच्या धक्क्याला जास्त ताठ राहतं. पण निपलपाशी तार जास्त वाकते. हब १३५ सारखं अरुंद असेल तर मी पलीकडे नेतो. १७० चं असेल तर आपल्याच बाजूला, कारण तिथे चकतीच पुरेशी दूर असते.

आउट काढणं: तबला लावण्यासारखं

सगळ्या स्पोक घालून निपल समान आट्यांवर आणले की चाक तयार दिसतं, पण डुलतं. ते सरळ करणं म्हणजे आपल्याकडचा शब्द ‘आउट काढणं’. दुकानात ते पाच मिनिटांत होताना पाहिलं की सोपं वाटतं. घरी पहिल्या चाकाला संध्याकाळ जाते, आणि जाऊ द्यावी.

महागडा स्टँड नको. जुना चिमटा शिकंज्यात पकडा आणि दोन्ही पायांना प्लॅस्टिकचे टाय बांधून त्यांची टोकं रिमजवळ आणा. फिरताना रिम कुठे घासते ते ऐकू येतं. रिम उजवीकडे झुकली असेल तर तिथल्या डाव्या स्पोक थोड्या कसा, उजव्या तेवढ्याच सैल करा. पाव आटा, जास्तीत जास्त अर्धा. निपलचा एक पूर्ण फेरा स्पोकला सुमारे ०.४५ मिमी ओढतो, म्हणजे पाव आटा फक्त एक दशांश मिमी. पण शंभर किलोच्या ताणावर एवढ्यानेही चाक हलतं.

तबलजी एकाच घरावर ठोकत बसत नाही. एका घराला हातोडी, मग समोरच्या घराला, मग परत कान. चाकाचं तेच. एकाच जागी कसत राहिलात तर ती जागा सरळ होईल, पण समोर नवा बाक येईल. आणि कान इथेही चालतो. स्पोकच्या मध्यावर बोटाने टिचकी मारा. एका बाजूच्या सगळ्या स्पोक जवळजवळ एकाच सुरात वाजायला हव्यात. हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांएवढा, म्हणजे काळी-पांढरीएवढा फरक ऐकू आला तर ताणात सुमारे १२ टक्के फरक आहे असं समजा. ताण मोजायचं यंत्र नसेल तर एवढ्यावर भागतं.

दिसायला सरळ चाक आणि सारख्या ताणाचं चाक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक स्पोक १५० किलोवर, शेजारची ५० वर, आणि रिम तरीही सरळ असं होऊ शकतं. असं चाक घरात सुंदर फिरतं आणि पांडवलेण्याच्या पायथ्याच्या खड्ड्यात पहिली स्पोक सोडतं. म्हणून रिम एका मिमीच्या आत आली की मी सरळपणाचा हट्ट सोडतो आणि सुरांच्या मागे लागतो. शेवटी समांतर जाणाऱ्या स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळायच्या. टिण-टिण आवाज येतात, स्पोक आपापल्या जागी बसतात. मग परत आउट.

पंक्चरवाल्याकडे हवा भरली तर?

या लेखातलं सगळ्यात गंभीर वाक्य हे आहे: जाड टायरमध्ये मोटारसायकलएवढी हवा भरू नका.

मनाला वाटतं, जाड टायर म्हणजे मजबूत, जास्त हवा घेईल. उलट आहे. टायरच्या भिंतीवरचा ताण हा हवेचा दाब गुणिले टायरची निम्मी जाडी असा असतो. टायर दुप्पट जाड केला तर तेवढ्याच दाबाला भिंतीवर आणि रिमच्या काठावर दुप्पट ओढ. कंप्रेसरवर ४०-५० पीएसआय चढायला काही सेकंद लागतात, आणि घरी वेल्ड केलेला सांधा तेव्हाच उघडू शकतो. टायरच्या बाजूला कमाल दाब लिहिलेला असतो, बहुतेक २० ते ३० च्या घरात. वाळूसाठी ६ ते ८, पायवाटेसाठी १० ते १५, डांबरासाठी त्याहून थोडा जास्त. स्वतःचा पंप आणि कमी दाब दाखवणारा मीटर जवळ ठेवा.

पण जड जात असेल ना?

जाते. डांबरी रस्त्यावर कमी हवेचा जाड टायर नेहमीच्या टायरपेक्षा जास्त दम काढतो, आणि दोन्ही चाकांचं वजन काही किलोंनी वाढतं. रोज कामावर जायला ही सायकल घेऊ नका, मी कोणालाही तसं सुचवत नाही. मे महिन्यात गंगापूर धरणाचं पाणी मागे सरकून काठाला गाळाचे आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात, तिथे मात्र साधी सायकल ढकलावी लागते आणि ही चालते.

काटे? बाभळीचा काटा जाडी बघत नाही. ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं द्रव्य घाला.

‘जाड टायरने जमिनीला इजा होत नाही’ हे खरं का?

हा युक्तिवाद मी नाशिकमध्ये बऱ्याचदा ऐकतो: दाब कमी, म्हणून कुठेही चालवायला हरकत नाही. वाळूत आणि वाहत्या रस्त्यावर हे बरोबर आहे. अंजनेरीच्या पठारावर नाही. तिथे पावसाळ्यात दोन बोटं मातीत उगवणारी झाडं आहेत. त्यातलं एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, तर त्या डोंगराच्याच नावाने ओळखलं जातं आणि ते अतिशय दुर्मीळ आहे. त्याच्या कोवळ्या रोपाला दर चौरस सेंटीमीटरला ७०० ग्रॅम काय आणि तीन किलो काय, दोन्ही सारखेच. पठारावर सायकल उचलून घ्या, किंवा नेऊच नका.

पहिले तीस किलोमीटर

नवीन बांधलेलं चाक पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये बसतं. निपल रिममध्ये रुततात, स्पोकचे बाक हबच्या भोकात दबतात, ताण थोडा उतरतो. तेवढं चालवून परत एकदा टिचकी मारत चाकाभोवती फिरायचं, हे काम टाळू नये. जोडलेल्या रिमचा सांधा प्रत्येक फेरीनंतर ओल्या फडक्याने पुसून बघा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर त्या दिवशी सायकल चालवायची नाही.

भाच्याने पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रिमा आणल्या, या वेळी ५५९ च्या. वेल्डला अंबडमध्ये दोन दिवस लागले, स्पोक मोजायला एक दुपार, आउट काढायला दोन संध्याकाळी. परवा तो धरणाच्या काठाने बारा किलोमीटर जाऊन आला. चाक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, “मामा, सतरावी उतरलीय बघ.” मी टिचकी मारली. खरंच उतरली होती. त्याने निपलची चावी घेतली आणि आधी तिच्या समोरच्या स्पोकवर बोट ठेवून ऐकलं.